तंतू: लांबी, जाडी आणि पीळ

सूतगिरणीच्या गुणवत्ता विभागात काम केलेल्या माणसापुढे कोणताही तंतू ठेवला, तर तो कशाचा आहे यापेक्षा त्याची लांबी किती आणि जाडी किती हे त्याला आधी जाणून घ्यावेसे वाटते. माझी नोकरी अशाच एका विभागात झाली. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळू लागला, तसा हा शब्द मला अनपेक्षित ठिकाणी भेटू लागला: आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यात, इंटरनेटच्या जोडणीत, स्नायूंच्या वर्णनात आणि गणितावरच्या लेखांतही. वाचता वाचता माझे असे मत झाले आहे की तंतूचे गुण आणि तंतूचे दोष हे दोन्ही तो कोणत्या पदार्थाचा आहे यावरून कमी आणि त्याच्या आकारावरून अधिक ठरतात. लांबी जाडीच्या शेकडो-हजारो पट झाली की अगदी साध्या पदार्थातही असे गुण येतात, जे त्याच पदार्थाच्या ढेकळात शोधून सापडत नाहीत. या मताला अपवाद आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा आपल्या ताटातच आहे. त्याकडे शेवटी वळतो.

कापूस मला सर्वांत जवळचा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एखादी पेशी फूल उमलण्याच्या सुमारास वाढीला लागते, दोन-तीन आठवडे मुख्यतः लांबच होत राहते, आणि मग तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढू लागतात. बोंड फुटेपर्यंत ती रसाने भरलेली गोल नळी असते. बोंड फुटून ऊन लागले की ती सुकते, चपटी होते आणि ठिकठिकाणी स्वतःभोवती पिळली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस ओळखायचा तो या नैसर्गिक पिळांवरून, आणि सूत कातताना तंतू एकमेकांना धरून राहतात त्यातही या पिळांचा वाटा मोठा असतो.

बाजारात ज्याला लांब धाग्याचा कापूस म्हणतात, त्याच्या तंतूची लांबी साधारण २७.५ ते ३२ मिलिमीटर असते, तर जाडी १२ ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी. लांबी जाडीच्या दीड-दोन हजार पट झाली. वीस मिलिमीटरच्या खालचा आखूड धागा बारीक सुतासाठी निरुपयोगी ठरतो आणि ३२ मिलिमीटरच्या वरचा अतिलांब धागा सर्वाधिक भाव खातो. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेल्या कापसाच्या प्रयोगशाळेचे, म्हणजे आजच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे, बरेचसे काम या मिलिमीटरांच्या आणि मायक्रॉनच्या मोजमापाभोवतीच फिरत आले आहे.

आकार किती निर्णायक असतो याचा पुरावा सरकीवरच सापडतो. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकीपासून रुई यंत्राने वेगळी करताना, रुई निघून गेली तरी अमेरिकन जातींच्या सरकीवर बारीक, आखूड लव शिल्लक राहते. गिरणीच्या भाषेत तिला लिंटर म्हणतात. झाड तेच, बोंड तेच, सेल्युलोजही तेच. पण लांबी जेमतेम काही मिलिमीटर असल्यामुळे तिचे सूत होऊ शकत नाही. ती रासायनिक कारखान्यांत, गाद्यांत आणि उच्च प्रतीच्या कागदात जाते. आपल्या चलनी नोटांचा कागदही संपूर्ण कापसाचा असतो, कारण कापसाचे तंतू लाकडाच्या लगद्यातल्या तंतूंपेक्षा घड्या आणि ओलावा अधिक सोसतात. कागद या विषयावर मी येथे एवढेच लिहितो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता खरा प्रश्न असा की तीन सेंटिमीटरच्या तंतूंपासून मैलोगणती लांब सूत कसे तयार होते? कोणताही तंतू दुसऱ्याला चिकटवलेला नसतो, गाठ मारलेली नसते. गॅलिलिओलाही हे कोडे पडले होते आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात त्याने दोरखंडाच्या संदर्भात त्याची चर्चा केली आहे. उत्तर पिळात आहे. तंतू सरळ, एकमेकांना समांतर ठेवून ओढले तर ते घसरून सुटतात. पीळ दिला की प्रत्येक तंतू सुताभोवती मळसूत्रासारखा फिरतो, आणि सूत ओढले की तो आतल्या तंतूंना आवळतो. जितके जोराने ओढावे तितके आवळणे वाढते, आवळणे वाढले की घर्षण वाढते, आणि घर्षण वाढल्यामुळे घसरणे थांबते. म्हणजे सूत तोडू पाहणारा ताणच त्याला बांधूनही ठेवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो, पण तंतुशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर पीळ असतो म्हणूनच तो सुंभ असतो.

या पिळालाही मर्यादा आहे. पीळ वाढवत नेला की काही प्रमाणापर्यंत सुताची ताकद वाढते, आणि त्यापुढे ती उतरू लागते. तंतू जास्त तिरपे झाले की त्यांची ताकद ओढीच्या दिशेला पुरेशी लागत नाही, हे त्याचे कारण. म्हणून मागावर सतत ताण सोसणाऱ्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला अधिक पीळ, बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताला कमी, आणि बनियनसारख्या होजिअरीच्या मऊ सुताला त्याहूनही कमी पीळ दिला जातो. दोर वळणाऱ्यांनी हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेविना मिळवले होते. एका बाजूला पीळ दिलेले पदर उलट बाजूला वळून एकत्र केले, की एकाचा उलगडण्याचा कल दुसऱ्याच्या कलाला अडवतो आणि दोर मोकळा सोडला तरी उसवत नाही. देशावर घायपाताचा वाख आणि अंबाडीच्या साली यांपासून कासरे, दावी आणि मोटेचे नाडे याच रीतीने वळले जात. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या सोडणांपासून काथ्या निघतो. हिरवी सोडणे खाजणाच्या पाण्यात कित्येक महिने कुजवली की मधला गर सुटतो आणि तंतू मागे राहतात. काथ्याच्या तंतूत लिग्निनचे, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण फार मोठे असते. कापसात ते जवळजवळ नसते. त्यामुळे खाऱ्या पाण्यात कापसाची दोरी लवकर कुजते आणि सुंभ टिकून राहतो. येथे मात्र श्रेय आकाराला नसून पदार्थालाच द्यावे लागते.

बारीकपणाचे आणखी एक रहस्य विसाव्या शतकात उलगडले. इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात काम करणारे अॅलन आर्नल्ड ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेच्या तंतूंवरचे प्रयोग मांडले होते. काच तापवून त्यांनी तिचे निरनिराळ्या जाडीचे तंतू ओढले आणि ते तोडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तुलनेत तीन-साडेतीन मायक्रॉनचा तंतू, क्षेत्रफळाच्या हिशेबाने, जवळजवळ वीस पट ताकदवान निघाला. काच तीच होती. ग्रिफिथ यांचे स्पष्टीकरण असे की पदार्थ तुटतो तो त्याच्यातल्या सूक्ष्म चिरांमुळे. ताण त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे सरकते. तंतू जितका बारीक, तितकी त्यात मोठी चीर मावण्याची शक्यता कमी. पदार्थाची खरी ताकद किती असू शकते हे आपल्याला एरवी ढेकळात दिसत नाही, ते तंतूत दिसते.

बारीकपणाचा दुसरा लाभ लवचिकतेचा. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, म्हणजे जाडी निम्मी केली की तंतू सोळा पट सहज वाकतो. काचेसारख्या ठिसूळ वस्तूचे तंतू बोटाभोवती गुंडाळता येतात ते यामुळे. हे काचतंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेसारख्या पदार्थात, बसवले की ताण तंतू घेतात, रेझिन तो ताण एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचवते, आणि एखादा तंतू तुटला तरी चीर शेजारच्या तंतूपाशी अडते. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा घेणाऱ्या फायबरच्या होड्या या तत्त्वावर तरंगतात. मातीच्या भिंतीत काड कालवणाऱ्या गवंड्याला हेच तत्त्व ठाऊक होते. मात्र फायबरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा खुर्च्यांमध्ये एकही तंतू नसतो, ते निव्वळ साच्यातले प्लॅस्टिक असते, हे ग्राहकाने जाणून असावे. विमानांत आणि पवनचक्कीच्या पात्यांत वापरला जाणारा कार्बन तंतू या घराण्यातला सर्वांत महागडा. त्याचा पूर्वज मात्र कापसाचा होता: १८७९ साली एडिसनच्या दिव्यात जळून कोळसा केलेला सुती दोराच प्रकाशत होता, आणि पुढे त्याची जागा जपानी बांबूच्या तंतूने घेतली. आधुनिक कार्बन तंतूची जी पद्धत रूढ झाली, तिचा पाया अकिओ शिंदो यांनी १९६१ च्या सुमारास जपानमध्येच घातला.

काचेच्या तंतूने ताण पेलण्याऐवजी प्रकाश वाहून न्यायला सुरुवात केली, ही विसाव्या शतकातली सर्वांत मोठी घडामोड म्हणावी लागेल. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवता येते हे दाखवले. आतल्या काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचे माप, बाहेरच्या काचेपेक्षा जास्त ठेवला, की आतला प्रकाश सीमेवर पूर्णपणे परावर्तित होत पुढे सरकतो. अडचण होती ती काचेच्या अशुद्धतेची. त्या काळच्या उत्तम काचेतही प्रकाश काही मीटरांतच मंदावत असे. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे मांडले की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, आणि एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी संदेशवहन शक्य होईल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंगच्या तीन संशोधकांनी ही मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत एक टक्का प्रकाश उरतो तो सुमारे शंभर किलोमीटरनंतर. काव यांना २००९ चे नोबेल मिळाले, कपानी यांना मिळाले नाही. भारताने त्यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले. मला स्वतःला नोबेल समितीचा तर्क समजतो, पण ती निवड अपुरी वाटते.

हा तंतू तयार होताना पाहणे कोणत्याही कताईवाल्याला आवडेल. अतिशुद्ध सिलिकाची जाड कांडी सुमारे दोन हजार अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत उभी सोडतात, तिचे खालचे टोक वितळून खाली ओघळते आणि १२५ मायक्रॉन जाडीचा तंतू होऊन सतत ओढले जाते. प्रकाश ज्यातून जातो तो गाभा त्याच्या आत जेमतेम नऊ मायक्रॉनचा असतो, म्हणजे कापसाच्या तंतूपेक्षाही बारीक. तंतू थंड होताच, कशालाही स्पर्श होण्याआधी, त्यावर पॉलिमरचा लेप चढवला जातो, कारण पृष्ठभागावर एखादा ओरखडा उमटला की ग्रिफिथ यांची चीर तेथेच जन्म घेते. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत असे तंतू ओढले जातात, आणि मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या केबल जमिनीवर येतात. त्यांच्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो.

ज्या आकाराने एवढे दिले, तोच आकार शरीरात गेला तर घात करतो. अॅस्बेस्टॉस हा खनिज तंतू. तो जळत नाही, कुजत नाही, सिमेंटला उत्तम धरून राहतो. आपल्याकडची कितीतरी छपरे त्याच्या पत्र्यांची आहेत. हवेत तरंगणारा तंतू फुफ्फुसात किती खोल जाणार हे मुख्यतः त्याच्या जाडीवर अवलंबून असते, लांबीवर फारसे नाही. म्हणून तीन मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू चांगला लांब असूनही वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तेथे त्याला गिळून टाकायला आलेली पांढरी पेशी त्याच्यापेक्षा आखूड पडते. अर्धवट गिळलेला तंतू तसाच राहतो, दाह चालू राहतो, आणि त्याचे परिणाम वीस-तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने समोर येऊ शकतात. हवेतले तंतू मोजताना जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत पदार्थाआधी आकारच पाहते: लांबी पाच मायक्रॉनपेक्षा अधिक, जाडी तीनपेक्षा कमी, आणि लांबी जाडीच्या निदान तिप्पट. अनेक देशांनी अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली आहे. आपण त्याची आयात अजून करतो, ते थांबले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

कापसाचा तंतू मात्र एवढा खोल जाण्याइतका बारीक नसतो. गिरणगावात कार्डिंग आणि ब्लो रूमच्या, म्हणजे कापूस पिंजण्याच्या आणि झटकून साफ करण्याच्या, खात्यांत काम करणाऱ्यांना छातीचा जो विकार होई, त्याला कारणीभूत होती ती कापसाबरोबर आलेल्या पाना-पाकळ्यांची धूळ आणि तिच्यातले जिवाणूंचे विष. सुट्टीनंतर कामावर परतले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटे, म्हणून डॉक्टरी पुस्तकांत हा विकार सोमवारच्या नावाने ओळखला जातो. अनेक वर्षे हे दुखणे विडीच्या किंवा दम्याच्या खात्यावर टाकले गेले.

शरीर स्वतःही तंतूंनीच भरलेले आहे. स्नायूचा तंतू ही एक लांबलचक पेशी असून तिच्यात अनेक केंद्रके असतात. चेतातंतूंमध्ये तर एकाच पेशीची शेपटी कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ मीटरभर, पोहोचलेली असते. येथे एक गंमत आहे. आतापर्यंत बारीकपणा हा गुण होता; चेतातंतूंच्या बाबतीत जाड तंतू श्रेष्ठ ठरतो. वेष्टन असलेले जाड तंतू सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे संदेश नेतात, तर वेष्टन नसलेले सर्वांत बारीक तंतू जेमतेम एक मीटर. पायाला ठेच लागली की आधी क्षणात एक तीक्ष्ण कळ येते, आणि सेकंदभराने मागाहून ठणका सुरू होतो. दोन्ही संदेश एकाच वेळी निघालेले असतात. वेगळ्या जाडीच्या तंतूंनी आणल्यामुळे ते पुढे-मागे पोहोचतात.

गणितज्ञांचा तंतू तर सर्वस्वी निराळा. भर दुपारी डोक्यावर आलेल्या उन्हात जमिनीच्या एका बिंदूवर ज्या ज्या बिंदूंची सावली पडेल, त्या सर्व बिंदूंची उभी रेषा हा त्या जमिनीच्या बिंदूवरचा तंतू. ही रेषा असली तर चित्र डोळ्यांपुढे येते, पण गणितात प्रत्येक बिंदूवर वर्तुळ, प्रतल किंवा कितीही मितींचे अवकाश उभे असू शकते, आणि तरीही त्याला तंतूच म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ साली अशाच तंतूंच्या जुडग्यांविषयी एक प्रमेय सिद्ध केले. भूमितीत आणि पुढे भौतिकशास्त्रातही त्याचे महत्त्व मानले जाते. त्याचा पुरावा माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, पण हे काम मुंबईत झाले याचा अभिमान मला वाटतो.

आता ताटातला अपवाद. आहारातील तंतू ही संज्ञा १९५३ मध्ये एबेन हिप्स्ली यांनी वापरली आणि पुढे युगांडात वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केलेल्या डेनिस बर्किट यांनी ती जगभर पोहोचवली. पाश्चात्त्य देशांत सर्रास आढळणारे आतड्यांचे विकार आफ्रिकेच्या खेड्यांत विरळ का, याचे उत्तर त्यांनी तेथील भरड अन्नात शोधले. ही संज्ञा आकाराची नाही, पचनाची आहे. आपल्या पाचकरसांना जे तोडता येत नाही ते तंतू. कापूस आणि तांदळातला स्टार्च हे दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. कड्या जोडण्याची दिशा वेगळी, म्हणून भात पचतो आणि कापूस पचत नाही. पण पेरूतले पेक्टिन, मेथीच्या दाण्यातला चिकट पदार्थ, गवारीचा डिंक यांपैकी एकही सुटा काढला तर दिसायला तंतू नाही. ते पाण्यात विरघळतात किंवा फुगतात. त्यातले बरेचसे मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, आणि त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे अन्न होतात.

व्याख्या बदलली की आकडे कसे बदलतात हे ज्वारीत पाहावे. जुन्या पोषण-तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत १.६ ग्रॅम तंतू लिहिलेले सापडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तीच ज्वारी सुमारे १० ग्रॅमवर गेली. जुन्या पद्धतीत नमुना आधी सौम्य आम्लात आणि मग अल्कात उकळून उरलेला गाळ मोजत, आणि त्यात विरघळणारे सगळे तंतू, शिवाय न विरघळणाऱ्यांपैकीही बराच भाग, वाहून जाई. पशुखाद्याच्या पोत्यावर आजही याच पद्धतीचा आकडा छापलेला असतो. नव्या तक्त्यांप्रमाणे बाजरी आणि कणीक सुमारे ११ ग्रॅमच्या घरात आहेत, तर पांढरा तांदूळ आणि मैदा ३ ग्रॅमच्याही खाली. दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत असा सल्ला दिला जातो, आणि भाकरी, उसळ व पालेभाजी खाणाऱ्याला तो गाठायला फारसे कष्ट पडत नाहीत. मैद्याच्या बिस्किटात चिकोरीच्या मुळांपासून काढलेले इन्युलिन मिसळून पाकिटावर तंतूंनी समृद्ध असे छापणे नियमाला धरून असेलही, कारण इन्युलिनही पचत नाही. परंतु त्या पाकिटावरचा तंतूंचा आकडा वाचताना त्याखालची घटकांची यादीही वाचावी, आणि त्या यादीत पहिले नाव मैद्याचे असेल तर पाकीट परत ठेवून द्यावे.